पुंजाराम, मुक्काम हसनाबाद

हसनाबादच्या ओढ्याकाठी एक सामाईक विहीर होती. निम्मी धर्मराजची, निम्मी पुंजारामची. मोट पाळीपाळीनं चालायची, पण पाळी कुणाचीही असो, मोटेवरची गाणी पुंजारामचीच. त्याचा आवाज फाटका होता, पण शब्द सुचायचे ते त्यालाच. बैलं धावेच्या उतारावरून चालू लागली की एक ओळ जुळायची, मोट वर येऊन पाणी पाटाला लागेपर्यंत दुसरी. मग बैलं मागं सरकायची, रिकामी मोट खाली जायची, बुडून भरायची, तेवढा वेळ तो गप्प. धर्मराजला जन्मात एक ओळ सुचली नाही. देवानं त्याला गळा दिला होता. पुंजारामनं सकाळी जोडलेलं गाणं दुपारी धर्मराज म्हणायचा आणि शेजारच्या रानातल्या बाया खुरपं थांबवून ऐकायच्या.

गाण्याच्या शेवटच्या कडव्यात पुंजाराम आपलं नाव घालायचा. ही तिकडची जुनी चाल. पद असो की भारूड, ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटी यायचंच, आणि म्हणणाऱ्यानं ते घ्यायचंच. मधलं एखादं कडवं गळालं तर कोणी काही म्हणत नसे. नाव गाळलं तर मात्र जाणती माणसं म्हणायची, बाबा, गाणं सुटलं न्हाई तुझं, अडकून राह्यलं. पुंजारामनं या चालीत आपलं थोडं मिसळलं होतं. नावाचं कडवं आलं की तो मोट थांबवायचा.

पुंजा म्हणे आता सोडा दोर,
सावलीला बसू द्या दमलं ढोर.

बैलांच्या हे इतकं अंगवळणी पडलं की 'पुंजा' कानावर आलं की ती जागच्या जागी उभी राहायची आणि माना हलवून जू उतरायची वाट बघायची.

मानमोडीची साथ आली त्या साली पुंजाराम गेला. पोटी मूल नव्हतं. मागं राहिली गोजरबाई. तिच्या वाट्याचं रान धर्मराज बटाईनं करू लागला आणि माल निघाला की तिचा निम्मा हिस्सा बराबर तिच्या ओसरीवर टाकू लागला. पुढं बैलं बदलली. नव्या बैलांनाही तीच गाणी, त्याच नावावर थांबायची सवय लागली. गोजरबाईचं घर मळ्याच्या अंगाला होतं. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही ही रीत, आणि लेकरू नसल्यामुळं 'पुंजारामचा अमका' असं म्हणायची पाळी गावावरही कधी येत नसे. ते नाव हवेत निघायचं ते एकट्या धर्मराजच्या तोंडून, मोट सुटताना. त्या वेळी गोजरबाई हातातलं काम टाकून दारात येऊन बसायची. धर्मराजला हे ठाऊक होतं. अंग मोडून आलं असलं तरी तो शेवटचं कडवं मोठ्यानं म्हणायचा.

अशी दहा-बारा वर्षं गेली. एका चतुर्थीला धर्मराज राजूरच्या गणपतीला गेला होता. देवळाच्या ओट्यावर भजन रंगलं, लोकांनी आग्रह केला म्हणून त्यानं मोटेवरचं गाणं म्हटलं. ऐकणाऱ्यांत शरदचंद्र होता. जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. शिवणयंत्रं, गॅसबत्त्या, आणि अलीकडं चावीचे ग्रामोफोन. तरुण माणूस, अंगात कोट, बोलणं भरभर. त्यानं धर्मराजला बाजूला घेऊन चहा पाजला आणि सांगितलं की मुंबईच्या एका कंपनीला खेड्यांतली गाणी हवी आहेत, गळा असा असेल तर ती जाण्यायेण्याचं भाडं भरून बोलावते.

गाणं कुणाचं, हे शरदचंद्रनं आधी विचारून घेतलं. धर्मराजनं खरं ते सांगितलं. तेव्हा शरदचंद्रनं त्याला व्यवहार समजावला. तबकडी विकली की दर तबकडीमागं गाणाऱ्याला थोडा वाटा, रचणाऱ्याला थोडा. रचणारा मेला असेल तर त्याच्या वारसाची परवानगी घ्यायची आणि वाटा वारसाला द्यायचा. याला रॉयल्टी म्हणतात.

धर्मराजनं कप खाली ठेवला. "म्हंजे बटाईच की. रान त्याचं, राबणार मी."

शरदचंद्रला ते इतकं पटलं की पुढं तो सगळ्या गवयांना असंच समजावू लागला. एक गोष्ट त्यानं आणखी सांगितली. खेड्यातल्या गाण्यांना कागदपत्र कुठलं असणार? म्हणून कंपनीनं सोपा नियम केला होता. शेवटच्या कडव्यात ज्याचं नाव वाजेल, त्याचं गाणं.

दोघं गोजरबाईकडं गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. पैशाचं तुमचं तुम्ही बघा भावजी, असं म्हणून तिनं तो विषय बाजूला सारला आणि शरदचंद्रकडं वळली.

"त्यायचं नाव निघंल का त्या तबकडीतून?"

"निघेल ना."

"किती दिवस निघंल?"

"तबकडी फुटेपर्यंत. तुम्ही-आम्ही गेल्यावरसुद्धा वाजेल ती, आक्का."

गोजरबाईनं उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. शाई लागलेला अंगठा पदराला न पुसता तिनं धर्मराजला म्हटलं, "भावजी, बाकी काय बी राहू द्या. तेवढं नाव आणा."

मुंबईतली ती खोली धर्मराजला धान्याच्या पेवासारखी वाटली. भिंतींना जाड कांबळी टांगलेली, खिडकी नाही, बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येईना. मधोमध उभ्या दांडीवर एक डबी होती, तिच्यात गायचं. काचेपलीकडं यंत्र. त्यावर जाड मेणाची चकती फिरायची आणि सुई तिच्यात आवाज कोरत जायची. चकती तीन मिनिटांच्या वर पुरत नसे. शिवाय कोरलेली चकती लावून ऐकायची सोय नव्हती. एकदा वाजवली की मेण खराब. म्हणजे जे गेलं ते गेलं, आणि काय गेलं ते तबकडी छापून आल्यावरच कळणार.

गाणं मोठं होतं. यंत्रावरच्या माणसानं चार कडवी कमी केली, पण धर्मराजनं शेवटच्या कडव्याला हात लावू दिला नाही. तालमीत सगळं बसलं. यंत्रवाल्यानं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. प्रत्येक कडव्यानंतर तुम्ही थांबता, ते थांबू नका. धर्मराजनं मान हलवली. आपण थांबतो हेच त्याला तोवर माहीत नव्हतं.

तांबडा दिवा लागला. धर्मराजनं सवयीनं डोळे मिटले, आणि डोळे मिटल्याबरोबर तो विहिरीवर गेला. त्याची बैलं, मोऱ्या आणि तांबडा, उताराला लागली. पाणी पाटात पडलं. कडवं संपलं, आणि मोट बुडून भरेपर्यंत धर्मराज थांबला. दुसरं कडवं, पुन्हा थांबला. बंद खोलीत, मुंबईत, तो हसनाबादची मोट भरायची वाट बघत होता आणि काचेपलीकडं मेण फिरत होतं. शेवटच्या कडव्यासाठी त्यानं श्वास घेतला तेव्हा खोलीतल्या पोऱ्यानं दंडाला हात लावला. डोळे उघडले तर यंत्रवाला काचेमागून घाई करत होता, ओठांवर बोट टेकवून ते पुढं झटकत होता. त्या छोट्या कंपनीत अजून जुनी चाल होती. गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, म्हणजे कुठलं मेण कुणाचं याचा घोळ होत नाही. हे धर्मराजला सकाळी सांगून ठेवलं होतं. मेणावर आता बोटभर जागा उरली होती. एका नावापुरती.

धर्मराज म्हणाला, "धर्मराज, मुक्काम हसनाबाद."

दिवा विझला.

त्यानं पुन्हा गायला मागितलं, हात जोडले. बाहेर दुसरे गवई बसले होते, मेण महाग होतं, आणि यंत्रवाल्याच्या मते गाणं फार सुंदर आलं होतं. ते थांबणंसुद्धा, तो म्हणाला, ऐकताना अंगावर येतं. शरदचंद्रनं परतीच्या गाडीत धर्मराजची समजूत घातली की एका कडव्यानं काय होतंय. धर्मराज मनमाडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. नाव घ्यायला जागा होती. एकाच नावाला होती, पण होती.

गावी आल्यावर गोजरबाई दारातच भेटली. निघालं का, तिनं विचारलं. धर्मराज निघालं म्हणाला आणि पाय न थांबवता पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मोट धरली. गाणं नेहमीसारखं चाललं. शेवटचं कडवं आलं आणि त्याचा गळा मिटला. आवाज बसला नव्हता, खोकला नव्हता. 'पुंजा' म्हणायला तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. बैलं नावाची वाट बघत उतारावर अर्ध्यात उभी राहिली. त्यानं तोंडानं हो-हो केलं, कासरा ओढला, शेवटी जू उतरवलं. जू उतरलं तरी दोन्ही बैलं तशीच धावेवर उभी, मानेवर ओझं असल्यासारखी. सावलीला जाईनात. रानात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. धर्मराज, मुक्काम हसनाबाद. त्याचाच आवाज, पण कांबळ्यांच्या खोलीतला, सपाट. त्यानं कडेला जाऊन वाकून पाहिलं. कपारीतले पारवे फडफडून उडाले आणि पाणी पुन्हा स्थिर झालं.

तेव्हापासून धर्मराज दुपारची मोट धरेना. धरली तरी मुक्यानं. बायको चतुराबाईनं विचारलं तर म्हणायचा, घसा धरलाय.

दिवाळीनंतर तबकडी आली. शरदचंद्रनं एक पाठवून दिली, सोबत पहिला वाटाही आला. तबकडीच्या पोटावर गोल कागद होता, त्यावर गाणाऱ्याचं नाव म्हणून धर्मराजचं नाव. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: गाणं जुनं, कर्ता अज्ञात. शेवटी पुंजारामचं नाव वाजलं नव्हतं, म्हणून कंपनीच्या नियमानं गाणं पुंजारामचं राहिलं नव्हतं. गोजरबाईचा अंगठा कुठल्यातरी फडताळात गेला आणि रचणाऱ्याचा वाटा कंपनीकडंच राहिला.

गोजरबाईच्या कानावर ती तबकडी जाऊ द्यायची नाही, एवढंच आता धर्मराजला कळत होतं. त्यानं आलेला पैसा घेतला, जालन्याला गेला आणि शरदचंद्र दुकानात नसताना त्याच्या नोकराकडून होत्या तेवढ्या तबकड्या विकत घेतल्या. मग वाटूरला एका दुकानात मिळतात असं कळलं, तिथून आणल्या. भोकरदनच्या बाजारातून आणल्या. पहिली फोडायला त्यानं दगड उचलला, आणि हात थांबला. आत पुंजारामच्या ओळी होत्या. कशाही असल्या तरी त्याच्याच. त्यानं दगड खाली ठेवला आणि तबकड्या ज्वारीच्या कणगीत तळाला पुरल्या.

"कणगीत तवे कशाला भरून राह्यले?" चतुराबाई म्हणाली. "भाकरी तरी होती का ह्याच्यावर?"

धर्मराजनं कणगीवर झाकण टाकलं. ज्वारी काढताना तिचा हात तबकडीला लागायचा आणि ती दचकायची. काळं, गार, गुळगुळीत. कणगीतून रात्रंदिवस कुणीतरी गातंय असं तिलाही वाटू लागलं, पण हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही आणि नवऱ्यानं तिला.

मग एके दिवशी शरदचंद्र घोड्याच्या टांग्यातून आला, हातात पेढे. कंपनी चकित झाली होती. मुंबई-पुण्यात बेताचीच चाललेली ही तबकडी जालन्याच्या आसपास दुकानात टिकेना, आली की संपते. म्हणून कंपनीनं पुन्हा छापल्या होत्या, आता औरंगाबाद, परभणी, नांदेडपर्यंत पाठवल्या होत्या. यात्रेतल्या हॉटेलवाल्यांनी तर आधीच सांगून ठेवल्या आहेत.

धर्मराजनं त्याला उठवून आत नेलं आणि कणगीत हात घालायला लावला. शरदचंद्रनं एक, दोन, तीन तबकड्या वर काढल्या, आणखी आत हात घातला, आणि मटकन खाली बसला.

"अहो, म्हणजे सगळा खप तुमचाच?"

"मला वाटलं संपतील."

"विकल्या की जास्त छापतात हो," शरदचंद्र म्हणाला. त्याला हसू येत होतं, पण धर्मराजकडं बघून ते ओठांवर आलं नाही. "तुम्ही बुजवत गेलात आणि ते उगवत गेलं."

पुढच्या चतुर्थीला राजूरला जत्रेसारखी गर्दी होती. गोजरबाई गावच्या बायांबरोबर दर्शनाला आली होती. धर्मराज तिच्या मागोमाग होता, आज ती येणार हे कळल्यापासून त्याला घरात बसवेना. देवळाच्या वाटेवर एका भजीवाल्यानं ग्रामोफोन मांडला होता. भोंग्यातून गाणं आलं. बाया थांबल्या, हा तर आपला धर्मराज, म्हणून एकमेकींना ढोसू लागल्या. गोजरबाई भोंग्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढून, मान खाली. एकेक कडवं आलं. मधले थांबे आले. तिची मान थांब्यांत किंचित हलायची, मोट किती भरली ते तिला कळत असावं. शेवटच्या थांब्याला तिनं डोळे मिटले.

धर्मराज, मुक्काम हसनाबाद.

सुई खरखरत राहिली. भजीवाल्यानं ती उचलली.

"पुढचं लावा," गोजरबाई म्हणाली.

"संपली की बाई."

"न्हाई संपली." आवाज अगदी शांत होता. "बैलं जुपलेली हायेत अजून."

भजीवाला आजूबाजूच्यांकडं बघून हसला. धर्मराज गर्दीत चार माणसं मागं उभा होता. ती वळली, तिला तो दिसला. ती बायांबरोबर देवळाकडं गेली, दर्शन घेतलं, प्रसाद घेतला. पण त्या दिवसानंतर दुपारी तिच्या घराचं दार लागलेलं राहू लागलं.

धर्मराजला शिव्या चालल्या असत्या. ते बंद दार चालेना. धावेवर उभं राहिलं की ते समोरच दिसायचं, आणि पाठीमागून विहीर त्याला त्याचंच नाव सांगायची.

एवढा खप बघून कंपनीनं दुसरं गाणं मागितलं. धर्मराज जालन्याला दुकानात गेला आणि हो म्हणाला. आधी त्यानं पहिल्याच गाण्याच्या तबकडीची दुसरी बाजू मागून पाहिली होती, शेवटच्या एका कडव्यासाठी. कंपनीनं कळवलं की जुनं पुन्हा कोण घेणार. तेव्हा दुसरं तर दुसरं. पुंजारामची गाणी त्याच्याजवळ पुष्कळ होती. पण करारावर नाव घालायची वेळ आली तेव्हा त्यानं शरदचंद्रचा हात धरला.

"गाणारा पुंजाराम लिवा."

"पुंजाराम वारला ना?"

"लिवा तुम्ही. रचणारा बी त्योच, गाणारा बी त्योच."

"आणि अंगठा कुणाचा घेऊ, मेलेल्याचा?"

धर्मराजनं आपला अंगठा शाईत बुडवला.

शरदचंद्रनं टाक खाली ठेवला. त्यानं नीट समजावून सांगितलं की असं केलं तर गाण्यावर धर्मराजचा काही हक्क राहणार नाही. वाटा पुंजारामच्या नावानं निघेल, आवाजसुद्धा पुंजारामचा म्हणून विकला जाईल. उद्या भांडायला आलात तर मीच म्हणेन, तुम्ही कोण? धर्मराजनं सगळं ऐकलं आणि अंगठा तसाच वर धरून ठेवला. शाई मनगटाकडं उतरू लागली तेव्हा शरदचंद्रनं कागद पुढं सरकवला.

या खेपेला मुंबईच्या खोलीत धर्मराजनं डोळे मिटले नाहीत. समोरच्या कांबळ्यावर नजर ठेवून, मोट न भरू देता, तो कडव्यावर कडवं म्हणत गेला. नावाचं कडवं वेळेत आलं. तिथं आवाज चिरला, पण आला. मग यंत्रवाल्यानं बोट झटकलं, आणि धर्मराज म्हणाला, "पुंजाराम, मुक्काम हसनाबाद." यंत्रवाल्याला रोज दहा गवयांची नावं ऐकायची सवय होती. त्यानं चकतीच्या कडेला ते लिहून टाकलं.

ती तबकडी पहिलीपेक्षा जास्त चालली. या वेळी लोकांनी घेतली. शरदचंद्रनं हसनाबादेत येऊन पारावर ती लावली तेव्हा म्हातारा भुजंग, ज्यानं पुंजारामला जवळून ऐकलं होतं, मिशीतल्या मिशीत म्हणाला, "मेल्यावर आवाज सुधारला गड्याचा." लोक हसले आणि मग एकदम गप्प झाले, कारण भोंग्यातून मेलेला माणूस आपलं नाव-गाव सांगत होता. गोजरबाई पाराच्या मागं बायांत उभी होती. नंतर धर्मराजच्या जवळून जाताना ती एवढंच म्हणाली, "त्यायचा आवाज असा नव्हता." पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार उघडं दिसू लागलं.

विहीर गप्प झाली, मोटेवर गळाही सुटला. धर्मराज आता वाकून बघायचा तेव्हा खाली नुसतं पाणी असायचं. आधी त्याला बरं वाटलं. मग गावोगावचे लोक त्याला भजनाला बोलवेनासे झाले, कारण पुंजारामची तबकडी मिळत होती. हसनाबादच्याच बाजारात एका परगावच्या माणसानं त्याला गुणगुणताना ऐकलं आणि पाठीवर थाप मारून सांगितलं, गड्या, पुंजारामची नक्कल बिलकुल बराबर करतोस. धर्मराज हसला. घरी येऊन त्यानं कणगी रिकामी केली, जुन्या तबकड्यांपैकी एक काढली, आणि तिच्यावरचं आपलं नाव बराच वेळ बोटानं चाचपत बसला. ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं तसं लागत होतं.

सुगीच्या दिवसांत वाट्याची मनीऑर्डर आली. टपालवाला नवा होता, भोकरदनकडून बदलून आला होता. धर्मराज त्या वेळी गोजरबाईच्या ओसरीवर थप्पीआड ज्वारीची पोती टाकत होता.

टपालवाल्यानं अंगणातून हाक दिली. "पुंजाराम! हायेत का घरात?"

धर्मराजच्या हातातलं पोतं सुटलं. त्या दारात ती हाक कित्येक वर्षांत कोणी दिली नव्हती. खरं सांगायला तो पुढं झाला, तोच गोजरबाई पदर सावरत बाहेर आली. ती टपालवाल्याकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर धर्मराजनं कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, नव्या नवरीसारखं.

"शेतात गेलेत," ती म्हणाली.

"अंगठा त्यायचाच लागंल."

"मंग उद्या या."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ते राजूरला गेले होते. नंतर पाहुण्याकडं. टपालवाला दर खेपेला अंगणात उभा राहून हाक द्यायचा आणि ती दर खेपेला थोडं थांबून, ती हाक घरभर फिरू देऊन, मग बाहेर यायची. मुदत सरली आणि मनीऑर्डर मुंबईला परत गेली.

धर्मराजनं तिला समजावलं. वहिनी, शरदचंद्रला सांगून वारस म्हणून तुमच्या नावावर करून घेऊ, पैसा हक्काचा हाय.

"मंग तो दारात येऊन हाक कुणाला मारल?" गोजरबाई म्हणाली.

धर्मराज एवढंच म्हणाला की सारखं घरी नाही, घरी नाही म्हटलं तर टपालवाला चौकशी करील, आणि चौकशी झाली की ही हाकही बंद होईल. ती विचार करत राहिली.

पुढच्या खेपेची मनीऑर्डर उन्हाळ्यात आली. ऊन टळटळीत होतं. धर्मराज धावेवर होता, बैलं उताराला लागली होती, तो गात होता. लांबून त्याला गोजरबाईच्या अंगणात खाकी टोपी दिसली. मग गोजरबाई बाहेर आली आणि तिनं हात लांब करून मळ्याकडं दाखवलं. विहिरीकडं. त्याच्याकडं.

टपालवाला बांधाबांधानं येऊ लागला. धर्मराजला पळून जावंसं वाटलं, आणि पाय हलले नाहीत. तिकडं एक समज आहे की भर दुपारी रानात अनोळखी आवाजानं हाक मारली तर ओ देऊ नये. ओ दिली की हाक मारणारा आपल्याला घेऊन जातो. त्याच्या आजीनं त्याला हे लहानपणी शिकवलं होतं आणि त्यानं ते जन्मभर पाळलं होतं.

टपालवाला चिंचेच्या सावलीत थांबला. कपाळाचा घाम पुसून त्यानं हातातल्या कागदाकडं बघितलं आणि हाक मारली.

"पुंजाराम!"

बैलं थबकली. त्यांनी माना हलवल्या. पलीकडं, उघड्या दारात गोजरबाई उंबऱ्यावर बसली होती. एवढ्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त ती ऐकतेय हे दिसत होतं.

धर्मराजनं कासरा खाली ठेवला.

"ओ," तो म्हणाला, "आलो."